बरणीतली धडधड

सकाळचे अकरा वाजले होते, पण व्यायामशाळेच्या सगळ्या खिडक्यांना काळे पडदे लावल्यामुळे आत मिट्ट अंधार होता. त्या अंधारात दोनशे माणसं मांडीवर एकेक काचेची बरणी धरून बसली होती. कोणी जोरात खोकलं तरी शेजारचा दचकून आपली बरणी सावरायचा. प्रत्येक बरणीत पाणी होतं. पाण्याच्या तळाशी चिमूटभर राख होती, आणि ती राख त्या त्या घरातल्या मेलेल्या माणसाची होती.

व्यासपीठावर प्राणगुरू उभे होते. हे नाव त्यांना लोकांनी दिलेलं नव्हतं, त्यांनीच पत्रकावर छापून घेतलं होतं. पांढरा सदरा, अनवाणी पाय आणि गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग.

"रडायचं नाही!" ते म्हणाले. "माणूस परगावी गेला तर आपण रडतो का? पत्ता विचारतो. तुम्हाला मी पत्ता दिलाय, तो तुमच्या मांडीवर आहे. आता दिवा लावा. बरणीच्या काठाशी धरा. आणि हाक मारा. पाहुण्याला मारतात तशी नको. आपल्या माणसाला जेवायला बोलावतात ना, तशी!"

दोनशे छोटे दिवे लागले. "आई..." "अहो..." "दादा, ए दादा..." हाकांचा गलका उठला. आणि बरण्यांच्या तळाशी काहीतरी हललं. खसखशीएवढे ठिपके हिसके देत, उड्या मारत उजेडाकडे येऊ लागले. कोणी हुंदका दिला, कोणी हसलं. मागच्या रांगेतला एक म्हातारा बरणीशी गप्पाच मारायला लागला.

माझ्या शेजारी माझी धाकटी बहीण बसली होती. तिनं माझा दंड गच्च धरला.

"ताई, आला बघ. कसा धावत येतोय! शाळेतून यायचा तस्साच."

तिचा मुलगा पाच वर्षांचा होता. तापानं दोन दिवसांत गेला, त्याला तेव्हा आठ महिने झाले होते.

मी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते. दर मंगळवारी तलावातून बारीक जाळीनं गाळून आणलेलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं आणि त्यातले जीव मोजायचे, ही माझी बावीस वर्षांची नोकरी. बहिणीच्या बरणीत काय आहे ते मला पहिल्या नजरेत कळलं. त्या पाणपिसवा होत्या, पाण्यातले खसखशीएवढे किडे. गोड्या पाण्याच्या कुठल्याही तलावात लाखांनी सापडतात.

पण आठ महिन्यांत पहिल्यांदाच माझी बहीण हसत होती. मी म्हटलं, "हो गं, आला."

त्या एका वाक्यानं जे झालं ते सांगते आहे.

*

बहीण कपडे शिवायची. मुलगा गेल्यापासून तिच्या मशीनवरचं कापड कोणी काढलं नव्हतं. बरणी घरी आल्यावर दहाव्या दिवशी तिनं मशीनला तेल घातलं. मेहुणे मालाचा ट्रक चालवतात, महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्यांनी मला फोनवर विचारलं, "काय प्रकार आहे हा?" मी म्हटलं, "तिला बरं वाटतंय. असू द्या." तेही म्हणाले, "असू दे मग." दोन शहाणी माणसं एका मिनिटात मोकळी झाली.

बरणी मुलाच्या खोलीत खिडकीपाशी असायची. आधी दोन ठिपके होते, मग चाळीस झाले, मग मोजता येईनात. "वाढतोय," बहीण म्हणायची. प्राणगुरूंनी तिला भिंगातून एक ठिपका दाखवला होता. ती मला ते पुन्हा पुन्हा सांगायची. पारदर्शक अंग, एक काळा डोळा, आणि पाठीशी भराभर उघडझाप करणारं काहीतरी.

"ते म्हणाले, हे काय धडधडतंय? मी म्हटलं, हृदय. ते म्हणाले, कोणाचं? मी त्याचं नाव घेतलं, ताई."

हृदय खरंच होतं. पाणपिसवेलाही हृदय असतं. त्या माणसाला आपल्या धंद्याची चांगली माहिती होती.

नियम सोपे होते. बरणी भरताना प्राणगुरू स्वतःच्या हातानं राखेवर चिमूटभर 'जागृत माती' टाकत. रोज सकाळी 'सांत्वन' नावाच्या बाटलीतले दहा थेंब पाण्यात घालायचे. बाटली दोन आठवडे पुरायची. दुसरी हवी असेल तर आणखी एक दुःखी घर त्यांच्याकडे घेऊन यायचं. "तुमच्या माणसाला तिकडे सोबत नको का?" असं ते विचारत. पुढे त्या घरानं हौसेनं काय वाहायचं, सोनं की आणखी काही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

बहिणीनं समोरच्या विधवा बाईला विचारलं. ती म्हणाली, "माझा नवरा मेला तेच बरं झालं बाई, बरणीत आणि कशाला घालू?" दुसरं दुःखी घर बहिणीला सापडलं नाही. बाटली संपली. आठवड्याभरात बरणीतले ठिपके विरळ झाले, मग तळाशी पांढरट साका जमला. शेवटी सात-आठ उरले, तेही कडेला पडून कसेबसे हलणारे.

ती बरणी छातीशी धरून प्राणगुरूंकडे धावली. मी नव्हते तेव्हा. पण बाकीचे साठ-सत्तर लोक होते.

त्यांनी बरणी उजेडात धरली. खूप वेळ बघितली. मग विचारलं, "घरात आणखी कोण आहे?"

"माझी मुलगी. दहा वर्षांची."

"दोघांचं पटायचं?"

"भांडायची हो. पोरंच ती."

"भांडायची," प्राणगुरू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बाई, तुमचा मुलगा पहिल्यांदा तापानं गेला. आता तो दुसऱ्यांदा जातोय, ते कोणाच्या तरी मनातल्या विषानं. घरात कोणीतरी त्याला नको म्हणतंय. कोण ते मी सांगणार नाही. तुम्हाला कळलंय."

उपायही त्यांनी लगेच दिला. मुलीनं अकरा दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही आणि दिवसातून एकदाच, अंधार पडल्यावर, जेवायचं. त्या अटीवर नवी बाटली मिळाली.

*

आमच्या त्या भाचीला सगळे मुंगी म्हणतात. सारखं काहीतरी उचलायचं, शोधायचं, विचारायचं, म्हणून. पाचव्या दिवशी तिच्या वर्गशिक्षिकेनं मला फोन केला.

"तुम्ही मुंगीच्या मावशी ना? ती प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. काही खाल्लंस का विचारलं तर बोलत नाही. पाच दिवस झाले, ती वर्गात एक शब्द बोललेली नाही. आईला फोन केला तर त्या म्हणाल्या, 'तिचं चालू आहे ते चालू द्या.' म्हणजे काय हो?"

मी गेले. मुंगी शिक्षकांच्या खोलीत बाकावर आडवी होती. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. मी जवळ घेतलं तर अंग चोरलं तिनं.

"काय झालं, बाळा?"

तिनं मान हलवली आणि तोंडावर हात ठेवला. मी वही पुढे केली. तिनं लिहिलं, "मी त्याला पेन्सिल दिली नव्हती."

तेवढंच. दहा महिन्यांपूर्वीची लाल पेन्सिल. या मुलीला वाटत होतं की तिनं भावाला मारलं, आणि आता पुन्हा मारते आहे. आणि जी मावशी पहिल्या दिवशी तिला खरं सांगू शकली असती ती मंगळवारी मंगळवारी तलावातल्या पाणपिसवा मोजत बसली होती.

मी तशीच तिला घेऊन बहिणीकडे गेले. बहीण मशीनवर होती. मुलीकडे तिनं वर मान करून बघितलंही नाही.

"ते तुझं बाळ नाहीये," मी म्हटलं. "त्या पाणपिसवा आहेत. तलावातल्या. मी दर मंगळवारी बघते. खायला संपलं म्हणून मेल्या, हिच्यामुळे नाही."

तिनं मशीन थांबवलं. "तू माझ्या शेजारी बसली होतीस ना? मी म्हटलं, आला बघ. तू काय म्हणालीस?"

मी मुंगीला जवळ ओढलं.

"सांग ना, काय म्हणालीस? बावीस वर्षं मोजतेस ना तू? तुला तर तेव्हाच कळलं असणार. मग तू तेव्हा खोटं बोललीस, की आता बोलतेस?"

"तेव्हा."

"का?"

"तू हसत होतीस."

"आणि आता मी हसलेली बघवत नाही तुला," ती म्हणाली. "तुला मूल नाही, ताई. किड्यांनाच मोजत बस तू. हिला घेऊन जातेस तर जा. बरणी लवकर भरेल."

दहा वर्षांची मुलगी ते ऐकत उभी होती. मी तिला माझ्या घरी आणलं. मेहुण्यांनी फोनवर हो म्हटलं. ती जेवू लागली, पण बोलेना. अकरा दिवस संपले तरी बोलेना.

*

खरं एकटीला सांगून भागत नव्हतं. मी माझ्या प्रयोगशाळेशेजारच्या पंपवाल्याला गाठलं. भरभक्कम माणूस, दोन डबे जेवणारा.

"तुमची बायको मरायला हवी," मी म्हटलं.

त्यानं आधी कानात बोट घालून बघितलं. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "तिलाच विचारू." संध्याकाळी बायको पंपघरात आली.

"माझी राख?" तिनं विचारलं.

"खुर्चीची," तो म्हणाला. "साहेबांची ती मोडकी खुर्ची जाळू."

"चालेल. तुम्हाला नाही तर नाही, माझ्या राखेला तरी साहेबाची खुर्ची मिळाली."

डब्यात खुर्चीच्या पायाची राख घेऊन पंपवाला प्राणगुरूंकडे गेला आणि असा काही रडला की दोन अनोळखी माणसांनी त्याला पाणी पाजलं. प्राणगुरूंनी बरणी भरली, राख घातली, वरून जागृत माती टाकली. पंपवाल्यानं पायावर लोळण घेतली आणि उठताना त्या मातीतली मूठभर रुमालात बांधून आणली.

ती माती मी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कोरडा गाळ, आणि गाळात खोगिरासारखी दिसणारी असंख्य काळी कवचं. एकेका कवचात दोन दोन अंडी. पंपवाल्याला मिळालेली 'सांत्वन'ची बाटलीही बघितली. हिरव्या शेवाळाचं पाणी, कुठल्याही उघड्या हौदात मिळेल असं. चार आठवडे मी प्रयोगशाळेत बरण्या लावल्या आणि रोजची नोंद ठेवली.

मग त्या रविवारी आम्ही गेलो. व्यायामशाळा तुडुंब भरली होती. बहीण दुसऱ्या रांगेत होती, मांडीवर बरणी. मुंगी माझ्या हाताला धरून होती. तिला आणू नये असं मला एकदा वाटलं होतं, पण तिच्यावरचा आरोप चारचौघांत झाला होता.

प्राणगुरूंनी पंपवाल्याला पुढे बोलावलं. त्याच्या बरणीत पाणपिसवा नुसत्या उसळत होत्या. त्यांनी भिंग लावलं.

"वा! किती प्रसन्न आहेत या! तुम्हाला फार जपायच्या, हो ना? अजूनही काळजी आहे त्यांना. म्हणतायत, तुम्ही वेळेवर जेवत नाही."

पंपवाल्यानं आपल्या पोटाकडे बघितलं. तिसऱ्या रांगेतून एक बाई उठली.

"साफ खोटं! मी याला एक दिवस जपलेलं नाही. आणि जेवायचं म्हणाल तर याला थांबवायचं कसं ते विचारा!"

"आपण कोण, बाई?" प्राणगुरूंनी विचारलं.

"मी बरणीतली," ती म्हणाली.

कोणीतरी खिडकीवरचा पडदा ओढला. ऊन आत आलं. लोक हसायला लागले, मग हसता हसता एकेक जण मांडीवरच्या बरणीकडे बघून गप्प झाला. मी वर चढले आणि म्हटलं, "ती राख खुर्चीच्या पायाची आहे."

प्राणगुरू क्षणभर गडबडले, पण माणूस तयारीचा. "मग? खुर्ची कशाची? लाकडाची. लाकूड कशाचं? झाडाचं! झाडाला प्राण नव्हता? तोच आलाय! माझी माती कोणालाही नाही म्हणत नाही!"

आणि माना हलल्या. खरंच हलल्या. चार-पाच जण तर "बरोबर" असंही म्हणाले.

"म्हणजे हा वेळेवर जेवत नाही याची काळजी झाडाला लागलीय?" मी विचारलं आणि माझ्या बरण्या टेबलावर मांडल्या. "तिन्हींत रोज 'सांत्वन'सारखंच हिरवं पाणी घातलंय. हिच्यात नुसती राख आहे. महिना झाला, काही नाही. हिच्यात ह्यांची माती, पण कढईत भाजून घेतलेली. काही नाही. आणि हिच्यात राखच नाही, नुसती ह्यांची माती आणि पाणी. बघा."

ती बरणी सगळ्यांत जास्त गजबजलेली होती.

"या बरणीत कोणी मेलेलं नाही. मग कोण आलंय?"

मी सांगत गेले. उन्हं वाढली की तलावात शेवाळ माजतं. ते खाऊन पाणपिसवा वाढतात. त्यांना नराची गरज लागत नाही, एकेक मादी आठवड्यात पोरं घालायला लागते, त्या पोरी पुढच्या आठवड्यात. शेवाळ फस्त झालं की उपासमार होते आणि लाखांच्या लाखांनी मरतात. मरण्याआधी काही माद्या जाड कवचाची अंडी टाकून जातात. ती गाळात, कोरड्या मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. पाणी आणि उजेड मिळाला की फुटतात. हीच ती जागृत माती. हिरवं पाणी घातलं की बरणी भरते, बंद केलं की मरते. बाटली प्राणगुरूंच्या हातात, म्हणजे मरणही त्यांच्याच हातात.

"ही बरणी मी दोन भागांत केली होती," मी म्हटलं. "एकीला हिरवं पाणी देत राहिले, ती भरलेली आहे. दुसरीचं बंद केलं. ती ही. सगळ्या मेल्या. प्रयोगशाळेत मी एकटी असते. तिथे कोणी भावाशी भांडलं नव्हतं. कोणाच्या मनात विष नव्हतं."

"आमच्या लेकरांना किडे म्हणते!" एक बाई किंचाळली आणि बरणी भिरकावली. प्राणगुरूंवर नाही, माझ्यावर. कपाळाला पाच टाके पडले. तिच्या मुलीची राख माझ्या डोळ्यांवरून ओघळत होती, आणि ती बाई गुडघ्यांवर बसून ओल्या फरशीवरून ती दोन्ही हातांनी गोळा करत होती. मी कितीही बरोबर असले तरी ते दृश्य माझ्यामुळे घडलं.

मागच्या रांगेतल्या त्या म्हाताऱ्यानं बरणी दोन्ही हातांत धरून मला विचारलं, "मग रोज सकाळी मी कोणाशी बोलत होतो?"



प्राणगुरू मागच्या दारानं निघाले होते, पंपवाला त्या दारात आधीच उभा होता. पोलिसांत कळलं ते असं की हा माणूस दूरच्या एका शहरात रंगीत मासे विकायचा. पाणपिसवा म्हणजे त्या माशांचं खाणं. दुकान बुडाल्यावर हा दुःखी माणसांकडे वळला. पाच महिन्यांनी सुटला. कुठे आहे, माहीत नाही. पण माती कुठेही मिळते आणि दुःखी घरंही.

बहीण बरणी खुर्चीवर ठेवून, कोणाकडे न बघता निघून गेली होती.

*

त्यानंतरच्या मंगळवारी मी मुंगीला प्रयोगशाळेत नेलं. एक पाणपिसू दाखवली. मग नोंदवहीतला तलावाचा आलेख उघडला. दरवर्षी रेघ डोंगरासारखी वर चढते आणि कड्यावरून पडावी तशी खाली येते. तिनं त्या पडत्या रेघेवर बोट ठेवलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला, घोगरा, अनोळखी.

"इथे कोण भांडलं?"

"कोणी नाही. खाणं संपलं."

"आणि ह्या वर्षी?"

"खाणंच संपलं."

तिनं बावीस वर्षांचे बावीस कडे बोटानं तपासले. एकही सोडला नाही. मग म्हणाली, "पण अंडी राहतात ना मातीत? मग ते परत येतात."

"पाणपिसवा येतात."

"माझा भाऊ?"

आता मला पुन्हा गोड बोलता आलं असतं. "नाही," मी म्हटलं.

"कधीच?"

"कधीच नाही. आणि तो तापानं गेला, मुंगी. तू काहीही केलं नव्हतंस."

ती रडली. भाऊ गेला तेव्हा आईला सांभाळायचं म्हणून जे रडायचं राहून गेलं होतं ते सगळं, मोठमोठ्यानं. मी मान वर केली तेव्हा बहीण दारात उभी होती. किती वेळची उभी होती कोण जाणे. ती आत आली, मुलीपुढे जमिनीवर बसली आणि तिचे पाय धरले. मुलगी दोन पावलं मागे सरली. घरी ती त्यानंतर बारा दिवसांनी गेली. आजही आई पाठीमागून अचानक आली की ती बोलता बोलता थांबते. बहीण माझ्याशी कामापुरतं बोलते. दोघींचंही मला चुकीचं वाटत नाही.

तुमच्याही घरी, शेजारी, कोणीतरी अशी बरणी आणेल. बरणी नसेल तर अंगारा असेल, गंडा असेल, बोलणारा फोटो असेल. त्याला हसू नका, पण मानही हलवू नका. एक बरणी त्यांनी दिलेल्या मातीची लावा, एक भाजलेल्या मातीची लावा, एक नुसत्या पाण्याची लावा, आणि थांबून बघा. मोजा, लिहून ठेवा. एवढं कोणालाही जमतं, त्याला शिक्षण लागत नाही. आणि जे दिसेल ते आपल्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगा, ते हसत असलं तरी. तुम्ही गप्प राहिलात तर त्याची शिक्षा तुम्हाला होत नाही. ती घरातल्या सगळ्यांत लहान माणसाला होते.